तुम्ही विचारलंत म्हणून: विमानं सोडून बाबा मालवणात काय करत होते?

"तुझे बाबा विमानाचे इंजिनिअर होते ना? मग ते सोडून इथे होड्यांची इंजिनं का खोलत बसले?" हा प्रश्न मला लग्नांत, बाराव्याला, एसटीत आणि एकदा दातांच्या डॉक्टरकडे, तोंड उघडं असताना विचारला गेलाय. आजवर माणूस बघून उत्तर द्यायचे. मुंबईच्या नातेवाइकांना 'गावची ओढ', मालवणातल्यांना 'आजोबांचं आजारपण'. बाबांच्या शोकसभेत तर माइक हातात आल्यावर मी मातीविषयी पाच मिनिटं बोलले. बाबांना मातीची कसलीही ओढ नव्हती. खाऱ्या वाऱ्याने हत्यारं गंजतात ही त्यांची गावाबद्दलची मुख्य तक्रार, आणि ती त्यांनी शेवटपर्यंत केली.

त्यांना काढलं होतं का, हा तुमचा खरा प्रश्न असतो. नाही. विमानाच्या मेंटेनन्स इंजिनिअरचं लायसन्स म्हणजे नुसती पदवी नव्हे. त्यावर ज्या जातीचं विमान आणि इंजिन लिहिलेलं असेल, त्याच्याच दुरुस्तीवर इंजिनिअरची सही चालते. बाबांच्या लायसन्सवर बोइंग ७३७-२०० आणि त्याचं जेटी-८-डी इंजिन होतं. ही विमानं म्हातारी होत चालली होती. नव्या जातीच्या कोर्सला कंपनीने ज्यांना पाठवलं त्यांत बाबांचं नाव नव्हतं, सलग दोन वेळा. का नव्हतं ते मला माहीत आहे असं मी वर्षानुवर्षं सांगत आले, पण मला माहीत नाही. १९९६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि फंडाच्या पैशातून बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर पत्र्याची शेड घेतली. रागाने घेतली की हिशेब करून? आई म्हणते हिशेब करून. आई तेव्हा तीन दिवस जेवली नव्हती, हेही तीच सांगते.

शेडमध्ये त्यांनी हँगर मांडला. भिंतीवर प्लायवूडची मोठी फळी, तिच्यावर प्रत्येक पान्याची, पकडीची, स्क्रूड्रायव्हरची लाल रंगात काढलेली आकृती. हत्यार जागेवर नसलं की लाल आकृती उघडी पडते, लांबून दिसते. संध्याकाळी फळी भरली नाही तर एकही इंजिन शेडबाहेर जाणार नाही, हा नियम. हरवलेला पाना इंजिनाच्या पोटात नाही हे सिद्ध होईपर्यंत विमान उडत नाही, तसंच. शिवाय बोल्टांना लॉकवायर. दोन बोल्टांच्या डोक्यांतून पीळ दिलेली तार अशी ओवायची की एक सैल व्हायला लागला तर तार त्याला परत आवळायच्या दिशेने ओढून धरेल. होडीच्या सहा सिलिंडरच्या लेलँड इंजिनावर हे करणारा माणूस बंदरावर दुसरा नव्हता. लोक त्यांना 'विमानवालो' म्हणत. अर्धं कौतुक, अर्धी चेष्टा. मी चेष्टेच्या बाजूला होते, हे लिहायला हवं.

आता पान्याची गोष्ट. ही मी कुणाला सांगितलेली नाही.

मी वीस वर्षांची होते. तेव्हा मासेमारीची बंदी नारळी पौर्णिमेच्या सुमाराला उठायची, आणि आधीचे पंधरा दिवस शेडमध्ये पाय ठेवायला जागा नसायची. त्या दिवशी बाबा पार्ट आणायला कुडाळला गेले होते. एका ट्रॉलरचं काम आदल्या रात्री झालं होतं, फक्त वहीत सही राहिली होती. फळीवर दहा-अकराचा पाना नव्हता. लाल आकृती मला दिसत होती. मालक दारात, तांडेल, म्हणजे होडी चालवणारा, मागे, आणि तांडेल म्हणत होता, "बाय, आमका सोड गे, भरती चुकतली." मी सोडलं. वर पैसेही मोजून घेतले.

दुपारी बाबा आले. त्यांनी आधी फळी बघितली, मग वही, मग मला. ओरडले नाहीत. मालकाला फोन लावला आणि म्हणाले, होडी परत बोलवा. मालक हसला. बाबांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, मग पुन्हा. शेवटी म्हणाले, माझं बिल परत घ्या, डिझेलचे पैसे घ्या, पण इंजिन बंद करून बघू द्या. सीझनचा पहिला दिवस, आठ खलाशी, बर्फ भरलेला, आणि ती होडी किल्ल्याच्या पाठीमागून वळून परत आली. बाबा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून इंजिनखणात उतरले. दोन तास. फ्लायव्हीलखाली हात घालून, तळाचं काळं पाणी डब्याने उपसून, ते पाणी फडक्यातून गाळून. वर काठावर माणसं जमली होती. कुणीतरी विचारलं, "विमानवाल्यानु, पायलट खय?" मी तिथेच उभी होते.

पाना निघाला नाही.

"पानो तुमच्या घराकडेच खयतरी पडलो असतलो," मालक म्हणाला. "माझो पयलो दिस घालवल्यात तुमी." त्याचं बरोबर होतं. शब्दशः बरोबर होतं. कारण पाना माझ्या स्कूटीच्या सीटखाली होता. आदल्या संध्याकाळी नंबरप्लेट खडखडत होती म्हणून मीच नेला होता. हे मला कधी आठवलं? होडी धक्क्याला लागत असताना. म्हणजे बाबा पाण्यात उतरायच्या आधी.

का बोलले नाही? तेव्हा स्वतःला सांगितलं, एवढ्या माणसांत त्यांची शोभा होईल. आज वाचताना कळतं की शोभा माझी होणार होती, त्यांची चालूच होती. पण वीस वर्षांच्या त्या मुलीला मी पूर्ण दोषही देत नाही. तिच्या जागी तुम्ही असता तर बोलला असतात? असालही.

त्या वर्षी सात होड्या दुसऱ्या गॅरेजकडे गेल्या. तुम्ही म्हणता धंदा त्यांच्या हट्टाने बसला. हट्ट होताच. ही इंजिनं पाण्यातल्या होडीत असतात, बिघडलं तर होडी तरंगत राहते, आकाशातून पडत नाही, हे मीही त्यांच्याशी भांडले आहे. त्यावर ते म्हणत, "वारा सुटल्यावर तरंगून बघ." नोव्हेंबर २००९ मध्ये फयान वादळ आलं, किनाऱ्यावरचे कितीतरी खलाशी परतले नाहीत. त्यानंतर मी तो मुद्दा काढला नाही. त्यांनीही नाही. दुसऱ्या गॅरेजकडे गेलेल्या होड्या मात्र वादळानंतरही बाबांकडे परत आल्या नाहीत, तेव्हा यातून त्यांचं बरोबर ठरलं असं समजू नका.

चिपीला, आमच्या जिल्ह्याच्या विमानतळावर, ९ ऑक्टोबर २०२१ रोजी पहिलं प्रवासी विमान उतरलं, एटीआर जातीचं, तेव्हा सगळे म्हणाले, बाबा असते तर बघायला गेले असते. नसते गेले. एटीआर त्यांच्या लायसन्सवर नव्हतं.

शेड आता स्कूबावाल्यांना भाड्याने दिली आहे. फळी तिथेच आहे, तिच्यावर ते मास्क टांगतात. वही माझ्याकडे आहे. त्या ट्रॉलरच्या पानावर बाबांच्या अक्षरात लिहिलंय: 'दहा-अकरा पाना. सापडला नाही.' खाली सही. ती ओळ त्यांनी कधी खोडली नाही.

होडी परत आणली त्यानंतर तीन-चार दिवसांनी ते अंगणात स्कूटी धूत होते. मला हाक मारली.

"नंबरप्लेट कुणी आवळली?"

"शोरूममध्ये," मी म्हटलं.

त्यांनी प्लेट बोटाने हलवून बघितली. हलली नाही. "वायसर घातला नाही त्यांनी," म्हणाले, आणि बादली उचलून आत गेले.