बॉन्ड्सचा फोटो अजून भिंतीवर का? तुम्ही विचारलंत म्हणून

कॅलिफोर्नियात फ्रीमाँटच्या आमच्या घरी कोणीही जेवायला आलं की बाहेरच्या खोलीतला बेसबॉलपटू बॉन्ड्सचा तो फोटो बघून विचारतंच, "अजून बॅरी बॉन्ड्स? औषधं घेऊन मारलेले होम रन ना ते?"

७६२ होम रन (क्रिकेटमधल्या षटकारासारखे थेट बाहेर मारलेले फटके), २००१ च्या एका मोसमात ७३, सात वेळा एमव्हीपी, म्हणजे मोसमातला सर्वोत्तम खेळाडू. तुम्हाला पाठ आहे, मी घोकत नाही. पूर्वी घोकायचो. २००४ मध्ये समोरच्या संघांनी त्याला १२० वेळा मुद्दाम चालत पहिल्या बेसवर पाठवलं, खेळूच दिलं नाही. अशी दहशत इंजेक्शनातून मिळते का, असं विचारून मी चांगल्या पंगती बिघडवल्या आहेत. मुद्दा लंगडाच होता. दहशत खरी होती म्हणून माणूस स्वच्छ ठरत नाही.

७ ऑगस्ट २००७, मंगळवार. मुलगा नऊ वर्षांचा, आम्ही सॅन फ्रान्सिस्कोच्या मैदानात पार वरच्या मजल्यावर. पाचवी इनिंग, चेंडू टाकायला वॉशिंग्टनचा माईक बॅक्सिक, तीन बॉल, दोन स्ट्राइक. बॅटचा आवाज आला आणि बॉन्ड्सने दोन्ही हात वर केले. कारकिर्दीतला ७५६ वा होम रन. हँक ॲरनचा ७५५ चा विक्रम मोडला. माझे लसणीचे फ्राइज पुढच्या बाईंच्या पाठीवर सांडले; त्यांनीच मला मिठी मारली.

मग मोठ्या पडद्यावर ॲरन आला. आधी रेकॉर्ड करून ठेवलेलं अभिनंदन.

"बाबा, ते इथे का नाही आले?"

"वय झालंय रे."

"की ह्याने चीटिंग केली म्हणून?"

"नाही."

इतकंच. आवंढासुद्धा गिळला नाही. बॉन्ड्सची ग्रँड ज्युरीपुढची, म्हणजे खटला भरायचा का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढची, साक्ष २००४ मध्येच पेपरात आली होती, मी शब्द न् शब्द वाचली होती. ट्रेनरने दिलेलं औषध त्याला जवसाचं तेल वाटलं, म्हणे. आमच्याकडे जवसाची चटणी तीन पिढ्या खातात, एकाचाही दंड फुगलेला नाही.

२००७ च्याच नोव्हेंबरात बॉन्ड्सवर खोटी साक्ष दिल्याचा खटला भरला. बातमी टीव्हीवर लागली, मुलगा उठून आत गेला. आपल्या खोलीतला फोटो काढून त्याने माझ्या टेबलावर ठेवला, चारही टाचण्या वाटीत. बोलला काही नाही. भिंतीवर आहे तो हाच. कोपऱ्यांची भोकं बघा.

आता म्हणाल, मग ही शिक्षा आहे का स्वतःला? तसंही नाही. त्या खटल्यातली २०११ ची शिक्षा २०१५ मध्ये रद्द झाली तेव्हा मी पेढे आणले होते. हॉल ऑफ फेमच्या, म्हणजे बेसबॉलमधल्या थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीच्या, मतदानात दहाव्या, शेवटच्या वर्षी, २०२२ ला, ७५ टक्के लागत असताना तो ६६ वर अडला, तेव्हा रात्री जेवलो नाही. बायको म्हणाली, ठरव एकदा काय ते. ठरत नाही.

तो होम रन मी अजून बघतो. एकटा असताना, आवाज बंद करून. ॲरन पडद्यावर यायच्या आत थांबवतो.