पहिली कॉर्व्हेट: देखण्या बॉडीखालची सेडान

जानेवारी १९५३ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलात जनरल मोटर्सने आपल्या शेवरले ब्रँडची कॉर्व्हेट ही स्पोर्ट्‌सकार मांडली आणि ३० जूनला मिशिगनमधल्या फ्लिंटच्या कारखान्यात विक्रीची पहिली गाडी तयारही झाली. एवढ्या घाईत सगळं नव्याने घडवणं शक्यच नव्हतं. म्हणून कंपनीचे डिझाइन प्रमुख हार्ली अर्ल यांच्या झोकदार बॉडीखाली बरंचसं सामान शेवरलेच्या सेडानचंच आलं.

इंजिन तेच जुनं २३५ घनइंची, सहा सिलिंडरचं. व्हॉल्व्ह उघडणारा कॅम बदलला, कॉम्प्रेशनचं प्रमाण ८:१ केलं आणि कार्टर कंपनीचे तीन आडवे कार्ब्युरेटर (पेट्रोल-हवेचं मिश्रण करणारे भाग) लावले, तेव्हा अश्वशक्ती १५० वर पोचली. बॉनेट फार बसकं, त्यामुळे कार्ब्युरेटर आडवेच हवे होते. या तिन्हींचा मेळ नीट बसवला नाही, तर आयडलवर, म्हणजे गाडी उभी असताना, इंजिन अडखळतं. गिअरबॉक्स मात्र दोन गिअरचा ऑटोमॅटिक पॉवरग्लाइड! स्पोर्ट्‌सकार घ्यावी आणि क्लचच नसावा, हे शौकिनांना रुचणं कठीणच होतं.

खरा प्रयोग बॉडीत होता. पत्रा घडवायला लागणारे डाय, म्हणजे साचे, महाग आणि वेळखाऊ. त्याऐवजी फायबरग्लासचे सुटे भाग रेझिनने जोडले. पहिल्या वर्षी फक्त ३०० गाड्या निघाल्या, बऱ्याचशा हातानेच जुळवलेल्या. सगळ्या पांढऱ्या, आतून लाल.

फायबरग्लासमधून वीज वाहत नाही, हे दुखणं वायरिंगमध्ये निघालं. पत्र्याच्या गाडीत बॉडीच अर्थिंगचं काम करते. इथे प्रत्येक दिव्याला चासीपर्यंत, म्हणजे खालच्या धातूच्या सांगाड्यापर्यंत, वेगळी वायर लागते. अशा गाडीचा दिवा मंद जळत असेल, तर बल्ब बदलण्याआधी त्या वायरचं चासीकडचं टोक खरवडून साफ करून घट्ट आवळावं. रेडिओची अँटेना डिकीच्या झाकणातच लपवता आली, हा फायदा. पण इग्निशनच्या ठिणग्यांमुळे रेडिओत येणारी खरखर अडवायला पत्र्याची बॉडी नाही, म्हणून प्लगना वीज वाटणारा डिस्ट्रिब्युटर आणि प्लगच्या वायरींवर धातूची आवरणं चढवावी लागली. जुनी गाडी दुरुस्त करताना ती काढून फेकली, की रेडिओ नुसता कुरकुरतो.

किंमत ३,४९८ डॉलर; त्यात दाराला बाहेरून मूठ नाही, वरखाली होणाऱ्या काचाही नाहीत. १९५४ मध्ये उत्पादन सेंट लुईसला हललं, ३,६४० गाड्या बनल्या, पण बऱ्याच पडून राहिल्या. १९५५ मध्ये फोर्डच्या थंडरबर्ड या प्रतिस्पर्धी गाडीचा आकडा १६,००० वर गेला. कॉर्व्हेट बनल्या जेमतेम ७००. मात्र त्यांतल्या बहुतेकींत २६५ घनइंची, १९५ अश्वशक्तीचं व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन होतं. तीन गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स त्याच वर्षी आला, तोही अगदी थोड्या गाड्यांत.