घाटात मेलेलं पेडल

चिपळूणहून कराडला येताना कुंभार्ली घाटाच्या चढाला ॲक्सिलरेटर अचानक मरायचा. पाय कितीही दाबा, इंजिन बाराशे आरपीएमच्या वर जायला तयार नाही आणि मागे ट्रकची रांग. चावी बंद करून पुन्हा चालू केली की गाडी पुन्हा ठीक. मामांची ही डिझेल टॅक्सी माझ्या गॅरेजात आली तेव्हा पेडल नवं बसवून झालं होतं. दुसऱ्या एका गॅरेजात ‘ईसीएम गेलाय, पन्नास हजारांच्या घरात जाईल’ असं सांगितलं होतं. ईसीएम म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर. ज्याचं घर टॅक्सीवर चालतं त्याला असं नुसतं तोंडी सांगणं मला पटत नाही. ईसीएम गेला म्हणायचं तर तो मोजून दाखवला पाहिजे.

स्कॅनर लावला. पेडलचा पहिला ट्रॅक (पेडल किती दाबलंय ते सांगणाऱ्या दोन सेन्सरपैकी एक), मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) आणि एसीचा प्रेशर सेन्सर असे बिघाडाचे तीन कोड, आणि तिन्हींत तक्रार एकच: व्होल्टेज कमी. तीन सेन्सर सहसा एकाच वेळी जात नाहीत. मला जास्त महत्त्वाचं वाटलं ते यादीत नसलेलं. पेडलचा दुसरा ट्रॅक त्यात नव्हता, डिझेलचा दाब मोजणारा रेल प्रेशर सेन्सर नव्हता.

अशा सेन्सरला तीन वायरी असतात. ईसीएमकडून येणारे ५ व्होल्ट, सेन्सरची अर्थिंगची वायर आणि परत जाणारा सिग्नल. प्रत्येक सेन्सरला ५ व्होल्टची स्वतंत्र लाईन मिळत नाही. ईसीएमच्या आत असे दोन-तीन पुरवठे असतात आणि एकेकावर बरेच सेन्सर टांगलेले असतात. या गाडीचं वायरिंग ड्रॉइंग उघडलं, तर कोड आलेले तिन्ही एका पुरवठ्यावर, आणि यादीत नसलेले दोन्ही दुसऱ्यावर. तिथंच माझा संशय सेन्सरवरून उठला. एका लाईनवर कुठंतरी ५ व्होल्ट अर्थला जात होते.

मामांना सांगितलं तर ते म्हणाले, “अहो मिस्त्री, पण एसी तर बंदच असतो घाटात.” त्यांचं बरोबर होतं, पण एसी बंद असला तरी चावी चालू असेतोवर त्या सेन्सरच्या वायरीत ५ व्होल्ट असतातच. ती वायर बॉडीला टेकली की त्याच लाईनवरचा पेडलचा ट्रॅकही शून्यावर येतो. दोन ट्रॅकचा मेळ बसला नाही की ईसीएम ड्रायव्हरच्या पायावर विश्वास ठेवत नाही आणि इंजिन मुद्दाम बांधून ठेवतो. पेडलला केबल नसलेल्या गाडीत हे असंच हवं, नाहीतर उद्या गाडी आपोआप पळेल. फ्यूजही उडत नाही, कारण हा पुरवठा ईसीएमच्या आतच करंट मर्यादित करून स्वतःला वाचवतो.

अडचण ही, की गाडी दारात उभी असताना सगळं ठीक. मीटरवर पूर्ण ५ व्होल्ट. मॅप सेन्सर इंजिन बंद असताना ९५ किलोपास्कल दाखवत होता, म्हणजे कराडच्या उंचीला हवेचा दाब जेवढा असावा तेवढाच. मग मॅपच्या कपलरला मागून बारीक पिन लावून मीटरची वायर केबिनमध्ये घेतली. (वायरीच्या प्लास्टिकला सुई टोचून तपासणारे पुष्कळ आहेत. त्या भोकातून पावसाचं पाणी शिरतं आणि पुढं तांबं हिरवं पडून आतल्या आत कुजतं. माझ्याकडच्या पोरांना मी ते करू देत नाही.) मामा गाडी चालवत होते, मी मीटरकडं बघत होतो. पाटण रस्त्याला एका स्पीडब्रेकरवर आकडा ५ वरून ०.२ वर आला आणि पेडल मेलं. मामांनी माझ्याकडं पाहिलं, काही बोलले नाहीत.

गॅरेजात येऊन चावी बंद केली, थोडं थांबून बॅटरीची निगेटिव्ह काढली. तिन्ही सेन्सरचे कपलर काढले आणि ईसीएमचा मोठा कपलरही. आता त्या ५ व्होल्टच्या वायरीला काहीच जोडलेलं नव्हतं. मीटर ओहमवर ठेवून एक टोक तिच्या पिनला, दुसरं इंजिनच्या अर्थला. पोराला म्हटलं, हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, पुढून मागं हळूहळू हलवत ये. डाव्या हेडलाईटमागं त्याचा हात गेला आणि मीटर खुल्या लाईनवरून थेट २ ओहमवर आला.

“मामा, इकडं या. ईसीएम सुटलेला आहे, तरी वायर बॉडीला लागतेय. यात ईसीएमचा काय दोष?”

पुढचा बंपर काही महिन्यांपूर्वी ठोकर लागल्यावर बदललेला होता. बसवणाऱ्यानं हार्नेसच्या दोन क्लिपा परत लावल्या नव्हत्या. एसी सेन्सरकडं जाणारा फाटा ब्रॅकेटच्या धारेवर घासत होता. वायरींवरची नळी कापली गेली होती आणि एका वायरीचं तांबं उघडं पडलं होतं. बाकी दोन वायरी शाबूत, हे नशीब. शेजारून फॉग लॅम्पची १२ व्होल्टची वायर जात होती. ती घासून या ५ व्होल्टला टेकली असती, तर ईसीएम खरंच जाऊ शकला असता.

खराब तुकडा कापून त्याच जाडीची वायर जोडली, आतून गोंद असलेली स्लीव्ह चढवून तापवली, नवी नळी घातली, फाटा धारेपासून लांब घेऊन क्लिपा लावल्या. नंतर मामांसोबत थेट कुंभार्ली चढून आलो, मीटर लावूनच. आकडा ५ वरून हलला नाही.

बिलाच्या मागं मी छोटं ड्रॉइंग काढून दिलं: कोणत्या रंगाची वायर, कुठं जोडली, तिच्यावर कोणकोणते सेन्सर आहेत. आणि ज्यानं बंपर बसवला त्याचा नंबर मामांकडून घेऊन क्लिपांचं सांगितलं. त्याच मॉडेलची आणखी एक गाडी त्यानं नुकतीच केली होती. ती दुसऱ्या दिवशी सकाळी तपासायला बोलावली.