तुम्ही बँकेत होतात ना?

“तुम्ही स्वतः बँकेत कॅशियर. मग नवऱ्याने तुमचाच पगार ताब्यात घेतलाय, हे अकरा वर्षं कळलं कसं नाही?” ओळख जरा वाढली की हा प्रश्न येतोच.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. लग्नानंतर महिन्याभरात माझं एटीएम कार्ड ह्यांच्या पाकिटात गेलं. (तेव्हा ‘हे’ म्हणायचे, आता ‘तो’ म्हणते.) “दिवसभर नोटाच मोजतेस, घरी तरी डोक्याला ताप नको.” मला ते लाडच वाटले. दारू नाही, हात उगारणं नाही. माहेरचे म्हणायचे, नशीब काढलंस.

रोज सकाळी ओट्यावर शंभराची नोट, रात्री हिशेब. बसचं तिकीट जपून ठेवायचं. पॅडचं पाकीट घेतलं की वहीत मी ‘औषध’ लिहायचे. बँकेत लाखोंची रोकड जुळवून आलेली मी, घरी सात रुपये जुळेनात म्हणून मोरीत जाऊन रडले आहे.

कळलं ते काउंटरवरच. एक बाई आल्या, खात्यातून पैसे जातात, समजत नाही म्हणाल्या. मी विचारलं, “मेसेज कोणाच्या मोबाईलवर येतात?” “ह्यांच्या.” पुढचं बोलायला माझं तोंडच उघडेना. माझेही ह्यांच्याच मोबाईलवर जात होते.

जेवणाच्या सुट्टीत नंबर बदलायचा फॉर्म भरला. शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीने काही न विचारता शिक्का मारला आणि आपला डबा पुढे सरकवला.

त्या रात्री घरी काय झालं ते राहू दे.

पुढे पोलीस ठाण्यातल्या महिला व मुलांच्या विशेष कक्षात गेले. पोलीस म्हटल्यावर पोटात गोळा आला होता, पण समोर बसली ती समाजसेविका. ‘आर्थिक छळ’ हा शब्द मी पहिल्यांदा तिच्याकडून ऐकला. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात तो मारहाणीच्या पंगतीला आहे: हक्काचा पैसा हाती न लागू देणं, स्त्रीधन परस्पर विकणं, सगळं त्यात येतं. नवऱ्याने खाती-लॉकर कोर्टाच्या परवानगीशिवाय वापरू नयेत, असा आदेश मॅजिस्ट्रेट देऊ शकतात. वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने मोफत दिला. बाईला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. पगारदार असून मला हे ठाऊक नव्हतं! नुसतं बोलायचं असेल तर 181 वर फोन करा. नवरा तुमचा मोबाईल तपासत असेल, तर मैत्रिणीच्या फोनवरून करा.

बसचं तिकीट मी अजूनही पर्समध्ये जपते. महिनाअखेरीला मूठभर निघतात, कचऱ्यात टाकते.