नळी थांबली तेव्हा

निपाणी भागातल्या एका लहान रुग्णालयात मी सामान्य शल्यचिकित्सक म्हणून काम करतो. आमच्याकडे हृदयाचे सर्जन नाहीत, रात्री सीटी स्कॅन होत नाही, आणि छातीत खोल जखम झालेला रुग्ण आला की कोल्हापूर सुमारे ४० किलोमीटर आणि बेळगाव सुमारे ७५, हाच हिशेब आधी मनात येतो. त्या रात्रीही आला, आणि तो नको तितका वेळ मनात राहिला.

रुग्ण २४ वर्षांचा होता. घरीच चपला बनवणारे कुटुंब. वीज गेली, तेव्हा चामडे कापायची टोकदार सुरी हातात घेऊन तो अंधारात उठला आणि अडखळून पालथा पडला. सुरी वडिलांनी जागीच उपसली होती. ‘‘तशीच ठेवली तर मरंल म्हणून ओढली, डॉक्टरसाहेब,’’ ते पुन्हापुन्हा सांगत होते. रुतलेली वस्तू बाहेर काढू नये, हे आपल्याकडे कोणी कोणाला सांगतच नाही.

जखम डाव्या स्तनाग्राच्या आतल्या बाजूला होती. जेमतेम दीड सेंटिमीटरची, आणि तिच्यातून रक्तही वाहत नव्हते. वर गळपट्टीची हाडे, खाली बरगड्यांची कड आणि दोन्ही बाजूंना स्तनाग्रे, या चौकटीतली प्रत्येक जखम, तशी नाही हे सिद्ध होईपर्यंत, हृदयाचीच मानायची, असे आम्हाला शिकवलेले असते. मुलगा शुद्धीवर होता, पाणी मागत होता. नाडी १२४, रक्तदाब ९६. सोनोग्राफीत हृदयाभोवती काही दिसले नाही. डाव्या छातीत मात्र रक्त भरलेले होते. मी बरगड्यांमधल्या पाचव्या फटीतून, खालच्या बरगडीच्या वरच्या कडेला धरून, ३२ नंबरची नळी घातली. सुमारे ८०० मिली रक्त आले आणि ९.२० ला नळी थांबली. सुरुवातीलाच १५०० मिलीच्या वर रक्त आले तर छाती उघडायची, हा नियम पाठ असल्यामुळे मला हायसे वाटले. केसपेपरवर मी लिहिले : ‘नळीतून रक्तस्राव थांबला. रुग्ण स्थिर.’

याच ओळीपाशी मी अजून अडकलेलो आहे. हृदयाच्या पिशवीलाही छेद गेलेला असेल, तर हृदयातले रक्त पिशवीत न साठता त्या छेदातून डाव्या छातीत गळत राहते, आणि म्हणूनच सोनोग्राफी स्वच्छ दिसू शकते. डाव्या छातीत रक्त असताना स्वच्छ सोनोग्राफीवर विसंबू नये, हे मला ठाऊक होते. कनिष्ठ डॉक्टरांना मी ते सांगतही आलो आहे. नळी थांबली ती रक्तस्राव थांबला म्हणून नव्हे, तर पिशवीचे छिद्र गुठळीने बुजले म्हणून. त्या क्षणापासून रक्ताला आत साठण्याखेरीज वाट उरली नव्हती.

मी मात्र कोल्हापूरला फोन करत होतो. पलीकडच्या मोठ्या रुग्णालयातून आधी सीटीचे विचारले गेले, मग रुग्णाकडे कोणत्या राज्याचे कार्ड आहे ते, मग खाट आहे की नाही हे पाहून सांगतो म्हणून फोन धरून ठेवायला सांगितले गेले. सीमेवरच्या माणसाला दुखण्यातही आधी राज्य सांगावे लागते, याचा मला दर वेळी संताप येतो. तरीही फोन कानाला लावून उभा राहिलो तो मीच.

९.४१ ला सिस्टर म्हणाल्या, ‘‘सर, मानेच्या शिरा बघा.’’ शिरा दोरीसारख्या तट्ट फुगल्या होत्या. रक्तदाब ६८. या वेळी सोनोग्राफीत हृदयाभोवती काळा पट्टा होता आणि उजवा कप्पा आत दबत होता.

भूलतज्ज्ञ बाईंचे उपकार मी विसरणार नाही. त्यांनी स्पष्ट सांगितले, ‘‘तुम्ही हात धुवून, चादरी टाकून, सुरी हातात घेतल्याशिवाय मी औषध देणार नाही.’’ दाबलेल्या हृदयाच्या रुग्णाला भूल देताच रक्तदाब कोसळतो. हृदय थांबलेच, तर छाती उघडायला सेकंदच मिळतात. तसेच झाले. औषध गेले आणि नाडी हाताला लागेना.

चौथ्या-पाचव्या बरगडीमधून, उरोस्थीपासून काखेपर्यंत छेद घेतला. बरगड्या फाकवणारा स्प्रेडर लावताना त्याचा दांडा काखेकडे ठेवावा लागतो, नाहीतर पुढे उरोस्थी कापून छेद उजवीकडे वाढवायची वेळ आली तर तोच आडवा येतो. हे मी वर्षातून दोनदा रिकाम्या टेबलावर करून पाहतो आणि त्या रात्री ते कामी आले. पिशवी वांग्याच्या रंगाची आणि ताठ झाली होती. फ्रेनिक नर्व्हच्या, म्हणजे श्वासपटलाकडे जाणाऱ्या मज्जातंतूच्या, पुढून ती उभी उघडली, तेव्हा यकृतासारख्या घट्ट गुठळ्या निघाल्या, फार तर वाटीभर. एवढेच रक्त त्याला मारत होते. हृदय हलले, भरले, आणि उजव्या खालच्या कप्प्यातून रक्ताची धार उडाली. मी छिद्रावर बोट ठेवले. बोट आत खुपसायचे नसते, नुसते टेकवायचे असते. खुपसले तर छिद्र फाटते.

लुडविग रेन यांनी १८९६ साली फ्रांकफुर्टमध्ये याच कप्प्याला टाके घातले, हा प्रश्न परीक्षेत आम्हाला विचारतात. धडधडत्या हृदयात सुई कशी चालवायची, हे मात्र फारच थोड्यांना हाताने शिकायला मिळते. हात हृदयाबरोबर वर-खाली न्यावा लागतो, आणि गाठ जरा जास्त आवळली की धागा स्नायू कापत जातो. तो कापू नये म्हणून टाक्यांखाली घालायच्या टेफ्लॉनच्या पट्ट्या आमच्याकडे नव्हत्या, म्हणून त्याच्याच पिशवीच्या दोन चिंधोट्या कापून टाक्यांखाली घातल्या. तीन टाके. तिसऱ्या टाक्यानंतर बोट काढले. जागा कोरडी राहिली.

दुसऱ्या दिवशी त्याला कोल्हापूरला हलवले. अकराव्या दिवशी तो घरी गेला.

टाके काढायला वडील सोबत आले होते. मुलगा बाहेर गेल्यावर त्यांनी विचारले, ‘‘मी सुरी ओढली, म्हणून एवढं झालं का?’’ मी त्यांना खरे ते सांगितले : काढायला नको होती, पण न काढताही हृदयाला छिद्र पडलेलेच होते, आणि तुम्ही त्याला वेळेवर आणलेत. ते बराच वेळ मान खाली घालून बसले. ९.२० ते ९.४१ या २१ मिनिटांबद्दल मात्र मी त्यांना काही बोललो नाही. पुढच्या तपासणीला ते येतील, तेव्हा केसपेपर समोर ठेवून मला ते सांगायचे आहे.