सात रेघा

शनिवारी सकाळी पावणेअकराला लोकमान्यनगरचा एक मुलगा इंदूरच्या पोलोग्राउंडमधल्या आमच्या लेथच्या शेडवर आला. बँकेत नोकरीला, वय तिशीच्या आत. हातात पिशवी आणि पिशवीत तीन क्रँक, म्हणजे पिस्टनच्या वरखालीचं फिरणं करणारे इंजिनातले दांडे. एक त्याच्या आजोबांच्या १९७६ च्या चेतक स्कूटरचा, जुना, कॉनरॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारी दांडी) वरखाली हलवला की टकटक वाजणारा. दोन नवे सियागंज बाजारातल्या एका दुकानदाराने विश्वासावर दिलेले, जो ठेवाल त्याचे पैसे द्या या बोलीवर.

"काका, यातला कोणता टाकू? गाडी जरा पळाली पाहिजे."

लेथवर क्रँक सरळ करणं, कॉनरॉड बदलणं, पिन दाबणं हे माझं तीस वर्षांचं काम. 'जरा पळाली पाहिजे' हे वाक्य ऐकलं की मी आधी विचारतो, जाणार कुठे? तो म्हणाला, रविवारी बायकोला मागे बसवून मांडूला, कधी सिमरोलवरून ओंकारेश्वरला. म्हणजे दोन माणसं आणि घाट. रेस नव्हे.

नव्यांपैकी एकाचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली चाल, ६० मिलिमीटर. चेतकचा मूळचा ५७, आणि बोर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, तोही ५७, म्हणून इंजिन १४५.४५ सीसीचं. स्ट्रोक ३ ने वाढला की पिस्टन वर दीड आणि खाली दीड मिलिमीटर जास्त जातो, आणि बोर तोच ठेवला तरी इंजिन १५३ सीसीचं होतं. दिसायला किरकोळ, पण तो वरचा दीड मिलिमीटर कुठेतरी द्यावाच लागतो, नाहीतर पिस्टन वरच्या झाकणाला, हेडला, जाऊन थडकेल. ब्लॉकखाली, म्हणजे सिलिंडरखाली, पॅकिंग दिलं तर त्याच्या भिंतीतली भोकं, पोर्ट, लवकर उघडतात, उशिरा मिटतात आणि इंजिन वरच्या आरपीएमला खुलतं. हेडखाली दिलं तर खालची ओढ शाबूत राहते. यावर दोन मेकॅनिक भांडायला बसले तर पोहे संपतात, भांडण संपत नाही.

पण मला खटकत होता तो स्ट्रोक नाही, क्रँकच्या गोल थाळीचा काप. चेतकच्या इंजिनात क्रँकची एक थाळी दरवाज्याचं काम करते. क्रँक ज्या पेटीत फिरतो त्या चेंबरच्या आत कार्बोरेटरचं भोक जिथे उघडतं तिथे एक गुळगुळीत पट्टी असते, आणि थाळीची कड त्या पट्टीला जवळजवळ घासून फिरते. मधली फट कागदाएवढी. थाळीचा कापलेला भाग समोर आला की पेट्रोल-हवा आत जाते, भरीव भाग आला की दार बंद. लँब्रेटा स्कूटरमध्ये ही भानगड नाही, तिथे ते काम पिस्टनच करतो. या ६० वाल्याची थाळी मात्र भरपूर कापलेली होती, रेसवाल्यांना आवडते तशी.

मी त्याला चेंबरही आणायला सांगितलं. तो घरी जाऊन खोक्यात घालून घेऊन आला. पहिल्यांदा पट्टीवरून नख फिरवलं. अडकलं नाही, म्हणजे आजोबांनी गाडी जपली होती. चेंबर गरम करून बेअरिंग बसवलं, क्रँक ठेवला, टोकाला अंशांची तबकडी लावली आणि भोकातून बॅटरी मारत हळूहळू फिरवला. ६० वाल्याचं दार जुन्या क्रँकपेक्षा साधारण २० अंश उशिरा बंद होत होतं. वेगात असताना आत शिरणारी हवा स्वतःच्या जोरावर उशिरापर्यंत भरत राहते, तिथे याचा फायदा. पण घाटात दुसऱ्या गिअरमध्ये, कमी आरपीएमला, पिस्टन खाली यायला लागतो आणि दार उघडंच असतं. मग चेंबरमधला माल उलटा कार्बोरेटरमधून बाहेर. फिल्टर भिजतो, आयडलिंग बिघडतं आणि बायको विचारते, पेट्रोलचा वास कसला येतोय? शिवाय याच्या ब्लॉकचे पोर्ट, सायलेन्सर, कार्बोरेटर सगळं १९७६ चं. एकट्या क्रँकला जत्रेला पाठवून काय होणार?

म्हणजे उरला दुसरा. ५७ चाच स्ट्रोक, काप जुन्यासारखा, कॉनरॉड मात्र दणकट. ठिणगी देणारं मॅग्नेटचं चाक ज्या निमुळत्या टोकावर, टेपरवर, बसतं तिथे निळा रंग लावून पाहिलं, सगळीकडे सारखं उमटलं. मी खूश होतो. आता फक्त लेथवर दोन टोकदार सेंटरांमध्ये धरून वाकडेपणा मोजणारा काट्याचा डायल लावायचा.

हा क्रँक एकसंध नसतो. दोन थाळ्या, एक पिन, कॉनरॉड आणि बेअरिंग असे पाच नग प्रेसवर दाबून बनतो, त्यामुळे दोन्ही बाजूंचे शाफ्ट एका रेषेत आहेत का हे पाहावंच लागतं. नसले तर मॅग्नेट डुगडुगतं, ठिणगीच्या पॉइंटची गॅप दर फेरीला बदलते, ऑइल सील लवकर जातं. डायलची एक रेघ म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. दोन रेघांपर्यंत मी सोडतो. लेथचा स्पिंडल, म्हणजे फिरता दांडा, हाताने फिरवला. क्लचच्या बाजूला एक रेघ. मॅग्नेटच्या बाजूला काटा सात रेघा गेला.

"कचरा आहे," मी म्हणालो. अगदी हाच शब्द. वर दुकानदाराच्या आणि बनवणाऱ्याच्या नावाने चार गोष्टी ऐकवल्या. मुलाचं तोंड उतरलं. दया आली म्हणून म्हटलं, थांब, सरळ करून देतो, आणि भिंतीवरचा तांब्याचा हातोडा काढला. थाळीवर खडूने खूण केली, हात वर नेला.

"काका, एक मिनिट. हा उलटा धरून बघता येईल का?"

"का?"

"काही नाही... आमच्याकडे रोकड जुळली नाही की आम्ही शेवटच्या गड्डीपासून उलटं मोजतो."

खरं सांगतो, राग आला. तीस वर्षं झाली मला. पण गिऱ्हाईक आहे, त्याचं समाधान करू म्हणून क्रँक काढला आणि टोकं बदलून धरला. आता मॅग्नेटऐवजी क्लचची बाजू माझ्या डाव्या हाताला, हेडस्टॉककडे, म्हणजे लेथच्या फिरत्या टोकाकडे. फिरवला. मॅग्नेटच्या बाजूला एक रेघ. क्लचच्या बाजूला सात.

क्रँक वाकडा असता तर सात रेघा त्याच्याबरोबर उजवीकडे गेल्या असत्या. त्या डावीकडेच राहिल्या होत्या. वाकडा क्रँक नव्हता, माझा लेथ होता.

हेडस्टॉकचं सेंटर ठोकून बाहेर काढलं. आत बोट फिरवलं तर सेंटर बसतं त्या निमुळत्या भोकाला पितळेचा एक बारीक कीस चिकटलेला, तांदळाच्या कणीपेक्षाही लहान. आदल्या संध्याकाळी पोऱ्याने लेथच्या चकमध्ये (नग पकडणाऱ्या जबड्यात) धरून पितळेचं बुश कातून काढलं होतं, त्यातला. सकाळी चक उतरवून सेंटर मी बसवलं होतं, न पुसता. उस्ताद असते तर कानाखाली बसली असती. पोऱ्याला काय बोलणार, पुसायचं काम माझं.

पुसून सेंटर पुन्हा लावलं. तोच क्रँक: दोन्हीकडे एकेक रेघ. मुलगा काही बोलला नाही, फक्त माझ्या हातातल्या हातोड्याकडे बघत होता.

आणि मग माझ्या पोटात गोळा आला. सकाळी नऊला इंदूरजवळच्या महूचा एक मेकॅनिक क्रँक घेऊन गेला होता. त्यात मी नवी पिन आणि कॉनरॉड टाकला, याच लेथवर, याच सेंटरवर, हातोडा मारमारून डायल दोन रेघांवर आणला. म्हणजे खोट्या सेंटरला सरळ दिसेल इतका तो मी वाकडा करून दिला होता. पैसे घेऊन.

फोन लावला. उचलेना. दुसऱ्यांदा उचलला.

"चेंबर बंद केलं का?"

"नहीं भिया, बेअरिंग बिठा रहा हूँ. क्यों?"

"बसवू नकोस. घेऊन ये. मी चूक केलीय."

पलीकडे थोडा वेळ नुसता हातोडीचा आवाज येत राहिला. मग तो म्हणाला, शाम को आता हूँ.

मुलाने ५७ वाला ठेवला, ६० वाला परत पिशवीत टाकला. तपासणीचे पैसे द्यायला लागला. मी घेतले नाहीत. त्याला एवढंच सांगितलं, की सियागंजला तो दुसरा परत करशील तेव्हा मी कचरा म्हणालो होतो हे तिथे बोलू नकोस. तो हसला. जाताना विचारलं, जुना क्रँक टाकून देऊ का? म्हटलं, अजिबात नाही, त्याच्या थाळ्या चांगल्या आहेत, कॉनरॉड आणि पिन बदलली की अजून तीस वर्षं जाईल. ते ऐकून त्याने तो पुन्हा वर्तमानपत्रात नीट गुंडाळला, नव्यापेक्षा जास्त काळजीने.

महूवाला साडेसहाला आला. क्रँक सेंटरमध्ये धरला, स्पिंडल फिरवला. काट्याकडे आम्ही दोघंही बघत होतो. सात रेघा.

"चाय मँगाऊं?" त्याने विचारलं. मी खडू उचलला.