मला कसली शुगर?

"अहो, मला कसली शुगर? माझ्याकडे बघा तरी!" सोसायटीतल्या तपासणी शिबिरात काका हसले आणि बोट पुढे न करताच चहाकडे वळले. हातपाय काटकुळे, शर्टाखाली मात्र छोटीशी गोल ढेरी. तेवढीच डोक्यात राहिली.

2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक फोटो छापून आला होता. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन, शेजारी शेजारी. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच, 22.3. अंगातली चरबी? युडकिन 9.1 टक्के, याज्ञिक 21.2! स्वतःचीच चरबी अशी जगासमोर मांडायची, हे मला भारीच वाटतं.

पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांतही याज्ञिकांच्या टीमला तेच दिसलं. सरासरी वजन साधारण 2.7 किलो, इंग्लंडच्या बाळांपेक्षा बरंच कमी. पण तूट मुख्यतः स्नायूंत. कातडीखालची चरबी बऱ्यापैकी शाबूत. म्हणजे बारीक अंगात लपलेल्या चरबीमुळे वाढणाऱ्या मधुमेह आणि हृदयविकाराच्या धोक्याची गोष्ट पार आईच्या पोटापासून सुरू होते.

आणि आपण अजून "बारीक आहे ना, मग ठणठणीत" म्हणत बसलोय. वजन सगळेच करतात हो, पण कंबर शेवटची कधी मोजलीत? शिंप्याने मोजलेली धरू नका.